शाळेला मिळणारे साहित्य आणि त्याचा हिशेब



नवे शालेय वर्ष सुरू झाले की सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकांचा संच पडतो. त्याबद्दल त्याच्या आईवडिलांना पैसे द्यावे लागत नाहीत. वर्गात फळा असतो, खडू असतात, भिंतीवर नकाशा असतो. अलीकडे पुष्कळ शाळांत संगणकाची खोली असते आणि काही ठिकाणी फळ्याच्या शेजारी चित्रे दाखविणारा मोठा पडदाही आलेला असतो. ही सामग्री ‘सरकारने दिली’ असे आपण म्हणतो व तेथेच थांबतो. परंतु हा पैसा कोणत्या वाटेने आला, किती आला, तो कशासाठी खर्च करण्याची मुभा होती, आणि आलेली वस्तू मुलाच्या शिकण्यास उपयोगी पडली की कपाटातच राहिली, या प्रश्नांची उत्तरे फार थोड्या पालकांना ठाऊक असतात. आजच्या भाषणात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. खाजगी अनुदानित शाळांचा हिशेब निराळ्या नियमांनी चालतो. येथे आपण मुख्यतः सरकारच्या आणि जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांच्या शाळांविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी कोणी बेळगावचे असतील, कोणी पणजीचे, कोणी इंदूर-ग्वाल्हेरचे, कोणी बडोद्याचे किंवा हैदराबादचे. राज्ये निराळी असली तरी या पैशाचा मोठा भाग एकाच योजनेच्या चौकटीतून येत आला आहे. म्हणून हा विषय सर्वांचाच आहे.

माझे मुख्य म्हणणे थोडक्यात असे. वस्तू विकत घेणे हा शैक्षणिक साहित्यावरील खर्चाचा लहान भाग असतो. ती चालू ठेवणे, ती कशी वापरावी हे शिक्षकाला शिकविणे आणि ती मुलाला समजेल अशा भाषेत असणे, हा त्याचा मोठा भाग होय. पहिला भाग सरकारी कागदांत ठळकपणे दिसतो. दुसरा तितका दिसत नाही, आणि मुलांचे नुकसान बहुधा तेथेच होते.

ही जाणीव आपल्या समाजाला अगदीच नवी नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि पुढे १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा काढून भागत नाही, शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती वाचावयास पुस्तक हवे, हेही त्यांनी ओळखले. १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानाने ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे केले. त्या खात्यातून फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगाव जात. पेटी एका गावात कायमची राहत नसे. वाचून झाली की परत येई आणि दुसऱ्या गावाला निघे. त्याच खात्याच्या एका शाखेकडे पडद्यावर चित्रे दाखविण्याची यंत्रेही होती. राज्याच्या तिजोरीतून शिक्षणाची साधने लोकांपर्यंत पोहोचविण्याचे हे आपल्याकडील एक जुने उदाहरण आहे. त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे पुस्तक विकत घेतल्यानंतर त्याला फिरते ठेवण्याची व्यवस्थाही खात्यानेच पाहिली.

स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या झपाट्याने वाढली, तशी साहित्याची उणीवही उघड झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये केंद्र सरकारने जी मोहीम हाती घेतली, ती मराठीत ‘खडू-फळा योजना’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या असाव्यात, निदान दोन शिक्षक असावेत, आणि फळे, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञान व गणिताच्या पेट्या आणि लहानसे ग्रंथालय असावे, असा तिचा हेतू होता. एका खोलीत, एका शिक्षकाच्या जिवावर चाललेल्या शाळांची संख्या त्या काळी मोठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेचे महत्त्व कळते. साहित्य आले. परंतु ते कसे वापरावे याचे शिक्षण प्राथमिक शिक्षकांना देण्यासाठी खास कार्यक्रम सुरू झाला तो १९९३ च्या सुमारास. मधल्या काळात अनेक ठिकाणी पेट्या बंदच राहिल्या. वस्तू आधी आणि तिचा उपयोग शिकविण्याची सोय मागाहून, हा क्रम त्यानंतरही पुष्कळदा दिसून आला आहे.

संगणकाची कथा याहून फार निराळी नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत प्रायोगिक स्वरूपात संगणक दिले. त्यावेळी ती यंत्रे इंग्लंडातील शाळांसाठी तयार झालेल्या धर्तीची होती. पुढे २००४ मध्ये शाळांतील माहिती व संपर्क तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र योजना आली. प्राथमिक शाळांसाठी सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शाळांसाठी २००९ चे राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान अशा दोन मोठ्या योजना मधल्या काळात चालल्या. २०१८ मध्ये या दोन्ही योजना आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ ही योजना करण्यात आली. तिचा पुढील आराखडा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झाला. ज्या दरांविषयी मी आता बोलणार आहे ते याच आराखड्यातील आहेत.

या योजनेतील खर्चाचा भार केंद्र आणि राज्य यांनी वाटून घ्यावयाचा असतो. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण या राज्यांत शंभर रुपयांपैकी साठ रुपये केंद्राचे आणि चाळीस रुपये राज्याचे, असे हे प्रमाण ठरले. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी ते नव्वद आणि दहा असे होते. तेव्हा शाळेला मिळणारा रुपया दोन तिजोऱ्यांतून निघतो. केंद्राचा हप्ता आला पाहिजे, राज्याने आपला वाटा घातला पाहिजे, आणि मग तो जिल्हा व तालुका यांच्या मार्गाने शाळेपर्यंत पोहोचला पाहिजे. या वाटेवर कोठेही विलंब झाला की शाळेचे वर्ष पुढे सरकते आणि पैसा मागे राहतो.

आता प्रत्यक्ष शाळेच्या हाती काय येते ते पाहू. पहिले म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. पूर्वी निरनिराळ्या नावांनी मिळणाऱ्या लहान लहान रकमा एकत्र करून हे अनुदान ठरविले गेले, आणि ते पटावरील मुलांच्या संख्येवर अवलंबून ठेवले गेले. ३० पर्यंत मुले असल्यास वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० मुलांपर्यंत २५,०००. १०१ ते २५० पर्यंत ५०,०००. २५१ ते १,००० पर्यंत ७५,०००. आणि त्याहून अधिक पट असल्यास एक लाख रुपये. यांपैकी निदान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च झाली पाहिजे, असा नियम होता.

या आकड्यांचा थोडा हिशेब करून पाहावा. एखाद्या खेड्यातील शाळेत ६० मुले आहेत असे धरू. वर्षाचे अनुदान २५,००० रुपये. त्यातून स्वच्छतेचे २,५०० वजा केले की उरले २२,५००. म्हणजे महिन्याला १,८७५ रुपये. एवढ्यात खडू, नोंदवह्या, तक्ते, कुलुपे, मोडलेल्या बाकांची डागडुजी, पाण्याची सोय, विजेचे बिल आणि इंटरनेटचा खर्च हे सर्व भागवावयाचे. पट २८ असेल तर वर्षाचे १०,००० आणि स्वच्छतेचा भाग वगळता महिन्याला ७५० रुपये. विजेचे बिल पट पाहून येत नाही, आणि गळणारे कौलही मुले किती आहेत हे विचारीत नाही. आपल्या सीमाभागातील किंवा गोव्यातील पुष्कळ मराठी शाळा लहान पटाच्या असल्याने हा शेवटचा आकडा आपल्याला विशेष जवळचा आहे. पट ३१ वरून ३० वर आला की त्या एका मुलाबरोबर अनुदानाचे १५,००० रुपये जातात.

याशिवाय ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकाराप्रमाणे ५,००० ते २०,००० रुपये आणि खेळाच्या साहित्यासाठी ५,००० ते २५,००० रुपये वर्षाला देण्याची तरतूद होती. ही तरतूद ऐच्छिक कृपा समजू नये. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातच सांगितले आहे की, प्रत्येक वर्गाला आवश्यक ते अध्यापन-अध्ययनाचे साहित्य मिळावे, खेळाचे साहित्य मिळावे, आणि प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे. ‘गोष्टींची पुस्तके’ हा शब्द कायद्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी मोठी बाब पाठ्यपुस्तकांची. प्राथमिक वर्गातील मुलामागे २५० रुपयांपर्यंत आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ४०० रुपयांपर्यंत असा तिचा दर होता. येथे शाळेच्या हाती रोख पैसा येत नाही, पुस्तकेच येतात. महाराष्ट्रात हे काम २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेले पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, करते. ती आठ भाषांतून पुस्तके काढते. जत आणि अक्कलकोट भागातील कानडी शाळांना लागणारी कानडी पुस्तके महाराष्ट्र छापतो. त्याचप्रमाणे बेळगाव भागातील मराठी शाळांसाठी मराठी पुस्तके कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्था छापते. सीमेच्या दोन्ही बाजूंना राज्याची तिजोरी दुसऱ्या भाषेतील मुलांसाठीही उघडावी लागते, ही आपल्या राज्यघटनेची शिकवण आहे. १९५६ मध्ये घटनेत घातलेल्या ३५०-अ या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यास पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे.

परंतु लहान माध्यमाची एक अडचण असते. पुस्तके किती छापावयाची हे शाळांनी कळविलेल्या पटावरून ठरते. प्रमुख भाषेच्या पुस्तकांच्या लाखो प्रती निघतात. शंभर-दोनशे इकडे तिकडे झाल्या तरी शेजारच्या तालुक्यातून त्या मिळतात. लहान माध्यमाच्या प्रती मोजक्याच निघतात. मागणीचा आकडा चुकला, किंवा वेळेवर गेला नाही, तर ती उणीव भरून काढण्यास बाजारात दुसरी प्रत नसते. म्हणून पटाची माहिती भरण्याचा जो कागद मुख्याध्यापकांना केवळ कारकुनी वाटतो, तोच पुढील वर्षी एखाद्या मुलाच्या हाती पुस्तक असेल की नसेल हे ठरवितो. ज्या पालकांची मुले अशा शाळांत आहेत त्यांनी प्रवेशाचे काम शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये, याचे हेही एक कारण आहे.

पुस्तकाच्या बाबतीतही विकत घेणे आणि उपयोगात आणणे यांतील अंतर कसे पडते, याचे एक अलीकडचे उदाहरण देतो. महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांबरोबर कोरी पाने बांधण्यात आली. मुलांनी नोंदी त्याच पानांवर कराव्यात, वह्यांचा खर्च वाचावा आणि दप्तराचे ओझे कमी व्हावे, असा त्यामागील हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण पानांचा अपेक्षेप्रमाणे उपयोग होत नाही व मुले वह्याही आणतातच, असे दिसून आले. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ही पाने पुढील वर्षापासून बंद करण्याचा निर्णय घेतला. निर्णय मागे घेतला याबद्दल कोणाला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. वर्गात काय घडते ते पाहून शासनाने आपला निर्णय बदलला, हे योग्यच झाले. मात्र असे पाहणे छपाईच्या आधी काही थोड्या शाळांत झाले असते, तर कागदही वाचला असता.

तिसरी बाब संगणकांची आणि पडद्यांची. येथे रकमा मोठ्या आहेत आणि म्हणूनच अधिक लक्ष देण्याचे कारण आहे. सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळेत संगणक-कक्ष उभारण्यासाठी एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत, आणि तो चालविण्यासाठी दरवर्षी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत, असे पाच वर्षे देण्याची तरतूद समग्र शिक्षेत होती. त्याऐवजी दोन वर्गखोल्यांत पडद्याची सोय करावयाची असल्यास एकदाच २ लाख ४० हजार आणि चालविण्यासाठी वर्षाला ३८ हजार, असा दुसरा पर्याय होता.

पहिल्या पर्यायाची बेरीज करून पाहा. यंत्रांची किंमत ६ लाख ४० हजार. पाच वर्षे ती चालविण्याचा खर्च १२ लाख. एकूण १८ लाख ४० हजार. म्हणजे सरकारने स्वतःच मांडलेल्या हिशेबाप्रमाणे खरेदी ही एकूण खर्चाच्या जेमतेम एक-तृतीयांश आहे. उरलेले दोन भाग वीज, इंटरनेट, शिकविण्याची सामग्री आणि शिकविणारा माणूस यांसाठी आहेत. ज्यांनी हा दर ठरविला त्यांना वस्तू आणि तिचा उपयोग यांतील भेद चांगला कळलेला होता, असे म्हणावे लागेल.

परंतु या हिशेबात पाच वर्षांची मर्यादा आहे, आणि प्रश्न सहाव्या वर्षी उभा राहतो. चालविण्याचे अनुदान संपते, पुरवठादाराशी झालेला देखभालीचा करार संपतो, संगणक शिकविणाऱ्या करारावरील निदेशकाची मुदत संपते. यंत्रेही तोपर्यंत जुनी झालेली असतात. त्यानंतर खोलीचा भार येतो तो संयुक्त शाळा अनुदानावर, म्हणजे मघाशी आपण पाहिलेल्या महिन्याच्या त्या थोड्याशा रुपयांवर. एका संगणकाची दुरुस्ती करावी तर दोन महिन्यांचे खडू-वीज थांबते. अशा वेळी मुख्याध्यापक खोलीला कुलूप लावतात, आणि त्यांना दोष देणे अवघड आहे. या खोलीपुढून जाणारी मुले खिडकीच्या फटीतून आत डोकावतात, पण त्यांच्या वाट्याला संगणक येत नाही.

देशातील शाळांच्या माहितीची जी वार्षिक नोंद केंद्र सरकार ठेवते, ती यू-डायस या नावाने ओळखली जाते. तिच्या २०२४-२५ च्या आकड्यांप्रमाणे सर्व प्रकारच्या शाळा मिळून ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. आदल्या वर्षी हेच आकडे अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ होते. एका वर्षातील ही वाढ समाधानकारक आहे. तथापि शाळेत संगणक आहे, एवढेच हा आकडा सांगतो. सातवीतील मुलगी आठवड्यातून किती वेळ त्याच्यासमोर बसते, हे तो सांगत नाही. ते शोधावयाचे तर शाळेतच गेले पाहिजे.

पडद्यावर जे दाखवावयाचे त्याची भाषा हा आणखी एक विचार आहे. छापील पुस्तकाच्या बाबतीत मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी पुस्तक मिळावे हे सर्व राज्यांनी मान्य केले आहे. यंत्राबरोबर येणाऱ्या धड्यांच्या बाबतीत ही सवय अजून पडावयाची आहे. खरेदी राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर एकत्र होते. धडे राज्याच्या प्रमुख भाषेत आणि इंग्रजीत असतात. मराठी शाळेला तोच संच मिळाला तर पडदा सुरू असूनही वर्गाला त्याचा अर्धाच लाभ होतो. यावर काही उपाय आपल्या हाती आहेत. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा २०१७ मध्ये सुरू झालेला मंच मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सामग्री विनामूल्य देतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. अभ्यासक्रम निराळा असला तरी गणिताचा अपूर्णांक आणि विज्ञानातील पाण्याचे चक्र हे बेळगावात आणि कोल्हापुरात एकच असते. शिक्षकाने निवड करून घेतली तर हे साहित्य सीमेपलीकडेही कामी येते, आणि त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही.

आता दोन अडचणी सांगतो, ज्या शाळेच्या आत आहेत आणि बाहेरून सहसा दिसत नाहीत.

पहिली अडचण वेळेची. सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. केंद्र आणि राज्य यांचे हप्ते वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचले, तर खरेदीला थोडेच आठवडे उरतात. दरपत्रके मागवावयाची, समितीचा ठराव करावयाचा, वस्तू आणावयाची, प्रमाणके जोडावयाची आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावयाचे, हे सर्व परीक्षांच्या दिवसांत करावे लागते. पूर्वी शाळेच्या खात्यावर रक्कम पडून राहू शकत असे. १ जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांच्या पैशाची रीत बदलली. राज्यात योजनेसाठी एकच मुख्य खाते ठेवण्यात आले आणि खालच्या पातळीवर शून्य शिलकेची खाती व खर्चाची मर्यादा आली. यामुळे ठिकठिकाणी पैसा अडकून पडण्याचे प्रमाण कमी झाले आणि कोणी किती खर्च केला हे वरून दिसू लागले, हा मोठा लाभ आहे. पण मुदतीत जे खर्च झाले नाही ते शाळेच्या हातून जाते. घाईत मग जे दुकानात तयार असेल ते घेतले जाते. वर्गाला पाहिजे होता तालुक्याचा नकाशा, आणि येतो तिसरा जगाचा नकाशा.

याला उपाय एकच आहे, आणि तो कायद्यानेच सांगितला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा आधीच तयार असला पाहिजे. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाला काय लागेल याची यादी वर्षाच्या आरंभी दिली, ती क्रमवार लावून ठेवली, तर पैसा मार्चमध्ये आला तरी विचार जूनमध्ये झालेला असतो.

दुसरी अडचण भीतीची. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत लिहिली जाते. ती हरवली किंवा मोडली तर उत्तर द्यावे लागते मुख्याध्यापकांना. मोडकी वस्तू रीतसर निर्लेखित करण्याची पद्धत आहे, पण ती लांबलचक असल्याने तिच्या वाटेला जाण्यास कोणी उत्सुक नसतो. परिणाम असा होतो की कपाटात सुरक्षित असलेली वस्तू तपासणीत बरोबर ठरते, आणि मुलांनी हाताळून झिजविलेली वस्तू प्रश्न उपस्थित करते. वास्तविक गोष्टींच्या पुस्तकाची पाने सुटली असतील तर ते पुस्तक वाचले गेले, असे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मानावयास हवे. भिंग मुलांच्या हातून फुटणारच. वर्षाला दोन भिंगे फुटतील असे धरूनच त्यांची खरेदी केली पाहिजे. नोंदवही तपासताना ‘वस्तू आहे काय’ याबरोबर ‘ती शेवटची केव्हा वापरली’ असेही विचारले गेले, तर पुष्कळ कपाटे आपोआप उघडतील.

येथे पालकांचा संबंध येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तिच्या सभासदांपैकी निदान तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. कर्नाटकात हीच समिती शाळा विकास व देखरेख समिती या अर्थाच्या नावाने काम करते. या समितीच्या कामांत, शाळेला मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो यावर लक्ष ठेवणे, हे काम कायद्यातच नमूद आहे. तेव्हा हिशेब विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास दाखविणे, असा जो समज खेडोपाडी आहे तो सोडून द्यावा. विचारणाऱ्या पालकांमुळे उलट शिक्षकाचे बळ वाढते. वीज तोडली गेली, यंत्र बंद पडले, पुस्तके कमी आली, अशी तक्रार एकट्या मुख्याध्यापकांनी केली तर ती कार्यालयातील एक कागद होते. समितीच्या ठरावासह तीच तक्रार गेली म्हणजे तिला गावाचा आवाज लाभतो.

समितीच्या बैठकीत पालकांनी निदान चार प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावेसे वाटते. पहिला : या वर्षी आपल्या शाळेला कोणत्या कामासाठी किती रक्कम मंजूर झाली, आणि ती कोणत्या तारखेला हाती आली? दुसरा : त्यातून काय घेतले, आणि ते कोणत्या वर्गाच्या मागणीवरून घेतले? तिसरा : मागील वर्षी घेतलेली यंत्रे आज चालू आहेत काय, देखभालीचा करार कोणत्या महिन्यात संपतो, आणि त्यानंतर खर्च कोठून करावयाचा? चौथा : माझे मूल हे साहित्य आठवड्यातून किती तास स्वतःच्या हाताने वापरते, आणि ते त्याच्या भाषेत आहे काय? या चार प्रश्नांना कोणी मोठा शिकलेला असण्याची गरज नाही. ज्या आईने घरखर्चाची वही ठेवली आहे तिला ते सहज विचारता येतील.

आणि शासनाकडे मागण्याची गोष्ट एकच आहे. पुढील योजना आखताना सहाव्या वर्षाचा विचार आजच व्हावा. नवीन शाळांना यंत्रे देणे आवश्यक आहे. पण ज्या शाळांत ती आली आहेत तेथील खोल्या उघड्या ठेवण्यासाठी लहानशी, परंतु न खंडणारी रक्कम मिळत राहणे तितकेच आवश्यक आहे. त्याचप्रमाणे कमी पटाच्या शाळेचे अनुदान ठरविताना मुलांच्या संख्येबरोबर विजेचे बिल, छप्पर आणि अंतर हेही पाहिले जावे. पट कमी आहे म्हणून त्या मुलांना लागणारा नकाशा लहान होत नाही.

सार्वजनिक शाळेत येणारे मूल बहुधा अशा घरातून येते की जेथे दुसरे पुस्तक नसते आणि दुसरा संगणकही नसतो. शाळेने जे दिले तेच त्याला मिळते. शाळेत जे कुलुपात राहिले ते त्याला कोठेच मिळत नाही. त्याचे शिक्षणाचे वर्ष एकदाच येते आणि पुढील हप्त्याची वाट पाहत थांबत नाही. म्हणून आपल्या गावच्या शाळेच्या समितीची पुढील बैठक केव्हा आहे याची चौकशी आपण करावी, बैठकीस जावे, आणि जडसंग्रहाची नोंदवही पाहावयास मागावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.